उघड्या डोळ्यांची राखण

रेवा आणि मिहीर, तुम्ही दोघं इथे असतात तर हे मी तोंडाने सांगितलं असतं, आणि अर्ध्यावरच तुमच्या आईने विषय बदलला असता. तुम्ही इतके लांब आहात म्हणून कागदावर सलग सांगता येतंय. सलग म्हणजे शांतपणे नव्हे. मी रागावलेली आहे, आणि राग आवरून लिहायचा माझा विचार नाही.

कारण रविवारचा व्हिडिओ फोन. रेवा, तुझ्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तू म्हणालीस, तीन आठवडे धड झोप नाही. ऑफिसातल्या तुझ्या वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर एक वाक्य बोलल्या, ते डोक्यातून जात नाही. ते वाक्य तू मला पंधरा मिनिटांत तीनदा सांगितलंस. शब्द तिन्ही वेळा तेच होते, पण तिसऱ्या वेळी त्या बाईंचा आवाज पहिल्यापेक्षा बराच कडू झाला होता. मी एकतीस वर्षं खालापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांच्या तोंडून तेच तेच धडे ऐकले. आवाजातला असा फरक माझ्या कानाला लगेच लागतो.

तेवढ्यात तुमची आई मधेच म्हणाली, "आजीला विचार ना. तिला पडल्या पडल्या झोप लागते."

आणि मी काय केलं? मान डोलावली. म्हटलं, "फार विचार करू नकोस गं. डोळे मिटून पड."

फोन ठेवला आणि स्वतःची चीड आली. हे वाक्य एके काळी मला जो जो म्हणाला त्याला दाराबाहेर काढावंसं वाटायचं, आणि तेच मी नातीच्या हातात ठेवलं. खिडकीतून धूर आत येत होता. शेणाचा, सुक्या पाल्याचा, थोडा गोडसर. कुंपणापलीकडे शेवंताच्या शेतात राब पेटला होता. तेव्हाच ठरवलं की आता लिहून टाकायचं.

राब म्हणजे काय, ते तुम्हाला नीट माहीत नसणार. तुम्ही लहान असताना मेअखेर यायचात, तेव्हा सगळं भाजून झालेलं असायचं. मिहीर, तू एकदा शेतातला काळा चौकोन बघून विचारलं होतंस, "इथे एवढी मोठी शेकोटी कुणी केली?" तर ऐक. भाताची रोपं जिथे तयार करायची, तो शेताचा लहान तुकडा आमच्या भागात पावसाआधी भाजून घेतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. माती जाळ दाबून ठेवते. काडी लावायची ती वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाला. मग आग वाऱ्याच्या उलट, मागे मागे सरकते, अगदी हळू, आणि खालची जमीन भाजून काढते. तणाचं बी मरतं. उलट्या टोकाला पेटवलात तर वरचं गवत भुर्रकन जळून जातं आणि जमीन थंडच राहते. म्हणून राबाजवळ कुणीतरी बसावं लागतं. वारा फिरला, जाळ वर आला, की तिथे माती टाकायची. फार काम नसतं. नुसतं बघत राहायचं असतं.

नुसतं बघत राहणं. ते मला जमलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी फाल्गुनात तुमचे आजोबा गेले. त्यानंतरचे चैत्र आणि वैशाख, एवढाच हा काळ. पळस फुलून गळून गेले होते. माथेरानच्या डोंगराचा रंग वाळलेल्या चिंचेसारखा झाला होता. शाळेतून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली होती, तरी त्या दिवसांत सकाळी साडेसहाला हात आपोआप घड्याळाकडे जायचा, कारण परीक्षांचे दिवस म्हणजे वेळेवर पोहोचायचे दिवस. जायचं कुठेच नव्हतं. आणि सबंध दुपार आमच्या वडावर एक तांबट पक्षी बसायचा. टुक, टुक, टुक, टुक. एकच आवाज, एकाच अंतराने, न दमता. तुम्हाला त्याचा आवाज आवडायचा, तुम्ही त्याला हातोडीवाला म्हणायचात. मला त्या वर्षी दगड मारावासा वाटला. एकदा मारलाही. लागला नाही, आणि तो थांबलाही नाही.

आजोबा गेले त्याच्या आदल्या सकाळची गोष्ट अशी. सात वाजता ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "जरा जड वाटतंय." मी लगेच सदूभाऊंना फोन केला. सदूभाऊ म्हणजे आपल्याकडे भाड्याची गाडी चालवणारे, वरच्या वाडीतले. "निघालोच बाई," म्हणाले. मग मी फाईल घेतली. त्याच्या वर्षभर आधी पनवेलला दवाखान्यात गेलो होतो तेव्हा जुने रिपोर्ट अर्धे घरी राहिले होते. डॉक्टरांसमोर आजोबा मला म्हणाले होते, "एवढी शिस्तीची तू, आणि कागद घरी?" ते मला लागलं होतं. त्यात विम्याच्या कामासाठी त्यांनीच ती फाईल विस्कटून ठेवली होती. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि तारखेप्रमाणे लावले. सगळे. मग आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

दिवसपाण्याला घर भरलं होतं. वत्सला, आजोबांची धाकटी बहीण, कर्जतहून आली होती. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "वहिनी कागद लावत बसली, तोवर दादा गेला."

सात शब्द. माझ्याशी बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. मी तिच्या पाठीमागून चहाचे कप उचलत होते. कप खाली ठेवले नाहीत, आतल्या मोरीत नेऊन विसळले. माझी पहिली चूक ती. तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, "तोवर नाही गेला. पूर्ण एक दिवस त्यानंतर होता. नीट बोल." एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल रेघा मारल्या आणि त्या एका वाक्याखाली मला साधी रेघ मारता आली नाही.

त्यानंतरच्या रात्रींचं वर्णन मी करणार नाही. न झोपणाऱ्या माणसाला आपल्या रात्री फार विशेष वाटतात, पण त्या सगळ्या एकसारख्या असतात. बिघडतो तो दिवस. आमटीत मीठ दोनदा. किल्ल्या तांदळाच्या डब्यात. वर्तमानपत्रातली एकच ओळ चार वेळा वाचायची आणि ती पावसाच्या अंदाजाबद्दल होती की पाणीकपातीबद्दल, ते सांगता येऊ नये. उजेड डोळ्यांत खुपायचा. दारात कुणी आलं की आधी राग यायचा, मग माणूस ओळखू यायचा. आणि दिवस असा गेला की तोही वत्सलाच्या वाक्याला पुरावा म्हणून जोडायचा: बघा, हिच्याच्याने मीठसुद्धा नीट पडत नाही, ही नवऱ्याला काय सांभाळणार. मग त्या पुराव्यासकट अंथरुणावर. दिवस रात्रीला खायला घालायचा आणि रात्र दिवसाला.

उपाय सांगणाऱ्यांना मी अजून क्षमा केलेली नाही. एकीने तळपायांना तेल चोळायला सांगितलं. एकीने दुधात जायफळ. ते मी सहाणेवर महिनाभर उगाळलं, आणि उगाळताना दुसरं काय उगाळत होते ते विचारू नका. तुमच्या आईने फोनमध्ये नदीचा आवाज घालून दिला. खरी नदी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मी कानाशी फोन धरून कुठल्यातरी परक्या नदीची खळखळ ऐकतेय. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जणू ते ताटातून फिरवत होते आणि मी हात पुढे केला होता. धरणाकडे जे शनिवार-रविवारचे बंगले झालेत, त्यांतल्या एका बाईंनी मला ध्यानाला बोलावलं. मी गेले. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "विचार येऊ द्या, जाऊ द्या." येत होते. जात नव्हते. शेजारच्या बंगल्यात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि भोंगे लागले होते. मी चप्पल घालून घरी आले.

माझा स्वतःचा उपाय तर सगळ्यांहून वाईट होता. मी वही केली. तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत: दूध, गॅस, लोणच्याचं प्रमाण, तुमच्या उंच्या. तशीच झोपेची. रेघा आखून रकाने केले. किती वाजता पडले, किती वाजता जाग आली, पुन्हा डोळा लागला का, दर्जा: बरा, वाईट, अतिवाईट. एक पान भरलं की पडतानाच मनात यायचं, उद्या काय लिहावं लागेल? परीक्षेला बसलेल्या मुलासारखी मी उशीवर डोकं ठेवायची. झोप ही हजेरी घेण्याची गोष्ट नाही, हे मला वहीच्या एकोणिसाव्या पानावर कळलं, आणि तरी पान भरलं, कारण आखलं होतं.

आता त्या काळातलं सगळ्यात वाईट सांगते. रेवा, हे तुझ्यासाठी आहे.

मी ती सकाळ दिवसातून किती वेळा बघत होते, कोण जाणे. टेबल, कागद, तारखा. प्रत्येक वेळी एकाच जागी अडायचं: मी कागद लावत असताना सदूभाऊंची गाडी दारात येऊन उभी होती का? नसेल, तर माझी काही चूक नाही, गाडीच यायची होती. असेल, तर वत्सला खरं बोलली. सुरुवातीला मला वाटायचं की गाडी आलेली नव्हती. पंधरा दिवसांनी मला हॉर्न ऐकू यायला लागला. महिन्याने त्या टेबलाशी बसलेली मी हॉर्न ऐकून "आले हो" असं म्हणायला लागले. पुढे तर सदूभाऊ दारात उभे दिसायचे, घड्याळ बघत. यातलं खरं काय, ते त्या वैशाखात मला ठरवता येईना. धुतलेल्या कपड्याचा रंग जातो तशी ती सकाळ माझ्या हातून गेली होती. लोक म्हणतात, फार आठवू नका, त्रास होतो. माझा संताप वेगळा आहे. त्या माणसाबरोबरची माझी शेवटची सकाळ होती ती, आणि मी ती घासून घासून पुसून टाकली.

शेवंता तुम्हाला माहीत आहे. अंगणवाडीत मदतनीस, बौद्धवाडीत राहते, आमच्या कुंपणापलीकडची शेती तिची. सातवीत माझ्या वर्गात होती, म्हणून अजून मला बाई म्हणते. त्या दिवसांत मी सारखी तिच्या बांधावर जाऊन बसायची. ती राबासाठी फांद्या रचत असायची, मी बोलत असायची.

"बाई, हे तुमी कालपन सांगितलंत," एक दिवस ती कोयता न थांबवता म्हणाली.

"काय?"

"नणंदबाई काय बोलल्या ते. काल सांगितलंत, परवापन सांगितलंत. सोमवारी दोनदा."

"मग? ऐकायला जड जातंय का तुला?"

"जड नाय. पाठ झालंय. तुमी दमलात तर पुढचं मी म्हणते."

मी उठून घरी आले. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण दुसरं कुणी ऐकणारं उरलं नव्हतं. तिचा नवरा मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर जायचा. ती म्हणाली, "आमचा मानूस कंपनीच्या बसमध्ये उभ्या उभ्या झोपतो. दांडा धरून. त्याला इचारू का कसं जमतं ते?" तिला वाटलं मी हसेन. मी हसले नाही. आज हे लिहिताना हसू येतंय.

मग तो दिवस आला. वैशाख सरत आला होता. दुपार कलल्यावर तिने राब पेटवला. वाऱ्याची दिशा बघण्यासाठी मूठभर माती उडवली, खालच्या टोकाला काडी लावली, आणि धूर नीट जमिनीला धरून सरकायला लागला. एवढ्यात निरोप आला की खालापूरला तिच्या कागदाचं काम आजच होतंय, साहेब उद्यापासून रजेवर. ती माझ्याकडे वळली.

"बाई, तासभर बसता का? वारा पडलेलाच हाय. जाळ वर आला तर ही पाटी, ही माती. तुमाला काय सांगायचं, तुमी ह्याच गावच्या."

"जा गं तू. मी आहे."

मी होते. करवंदाच्या जाळीच्या सावलीत, दगडावर, पाटी पायाशी घेऊन. समोर राब. पलीकडे वीस पावलांवर तिच्या बैलांसाठी वर्षभराचा पेंढा रचलेला, माणसापेक्षा दुप्पट उंच. आणि वडावर तो पक्षी, टुक, टुक. मी डोळे मिटले नाहीत. पेंगलेही नाही. तीन महिन्यांत दुपारी माझा डोळा कधी लागला नव्हता, तो तेव्हा तरी कुठला लागणार. मी टेबलाशी बसले होते. कागद लावत होते. जानेवारीचा रिपोर्ट, मार्चचा रिपोर्ट, हॉर्न.

मला आधी ऐकू आलं ते बैलाचं ओरडणं. मग दिसलं की समोर धूर नाहीच, जाळ आहे. वारा केव्हा फिरला ते मला माहीत नाही. मी त्याच्याकडे तोंड करून बसले होते आणि मला माहीत नाही. राबावरचं सगळं गवत एका दमात जळून गेलं होतं आणि वाळक्या कडेने जाळ पेंढ्याला जाऊन भिडला होता. मी पाटी घेऊन धावले. माती टाकली. वस्तीवरून माणसं आली, बैल सोडले, फांद्यांनी झोडून झोडून आग विझवली. निम्मा पेंढा गेला. राब वाया गेला. त्या वर्षी तिच्या रोपांत तणच जास्त उगवलं.

शेवंता आली तेव्हा राख उडत होती. तिने आधी बैल बघितले. मग पेंढा. मग माझ्याकडे आली.

मी म्हटलं, "शेवंता, माझा डोळा लागला गं."

खोटं बोलले. झोप ही त्या तीन महिन्यांत मला कधी न मिळालेली गोष्ट, आणि नेमकी तिचीच मी ढाल केली.

"नाय बाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "वरच्या वाटेनं तुकारामाची सून गेली तेवा तुमाला हाक मारली तिनं. डोळे उघडे व्हते म्हणाली. झोपला असतात तर मी कायपन म्हणाले नसते. दमलेलं मानूस झोपतं. तुमी जाग्या व्हतात."

ती दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. त्याबद्दल मी तिच्यावर कधीच रागावले नाही. माझ्यावर रागवायचा हक्क त्या वर्षी तिला एकटीलाच होता, आणि तिने तो दोन वाक्यांत उरकला. बाकी सगळे मला समजून घेत होते. समजून घेणाऱ्यांचा मला अजून वीट आहे.

राबासारखं मन धुमसतं, असं एखादा लेखक लिहील. मला ते पटत नाही. राब धुमसतो आणि जमीन तयार करतो. मी तीन महिने धुमसले, आणि तयार काय झालं? काही नाही. एका बाईचा पेंढा जळला.

पेंढा भरून द्यायचा होता. खालापूरच्या पलीकडे एका शेतकऱ्याकडे शिल्लक होता, तो स्वतः बघून टेंपोत भरून पाठवावा म्हणून मी सदूभाऊंची गाडी बोलावली. तीच गाडी. मागच्या सीटवर बसले. पेंढा रवाना झाला, आम्ही परत निघालो, डावीकडे द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग थिजून उभी होती, आणि मी विचारलं. तीन महिने हा माणूस रोज माझ्या दारावरून जात होता आणि मी विचारलं नव्हतं. भीती वाटत होती, दुसरं काय.

"सदूभाऊ, त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी कुठे होते?"

"कोनत्या दिवशी?"

"ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा. तुम्हाला दारात थांबावं लागलं का? हॉर्न वाजवलात का?"

त्यांनी गियर बदलला. मग म्हणाले, "बाई, खरं सांगू? मला नाय आठवत."

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हंजे नाय आठवत. त्या महिन्यात तिघांना नेलं दवाखान्यात. थांबलो असेन, नसेन. आता थांबलो म्हनालो तरी खोटं, नाय म्हनालो तरी खोटं."

मला भयंकर राग आला. ज्या गोष्टीवर माझे तीन महिने उभे होते, ती या माणसाने साधी ठेवूनसुद्धा घेतली नव्हती.

"दादा पुढं बसले एवढं आठवतं," ते आपल्याच नादात म्हणाले. "मी म्हनालो मागं आडवे व्हा, तर नको म्हनाले. आन् फाट्याच्या अलीकडं मला म्हनाले, सदू, काच खाली कर. करवंदी फुललीय, वास येतोय."

मी तीन महिने ती सकाळ बघत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. मी मागे बसले होते, हातभर अंतरावर. त्यांचं डोकं दिसत असणार, मानेवरचे केस, खिडकीवर ठेवलेला हात. वास मलाही आला असणार. मी फाईलच बघत होते. आधी खरी, मग डोक्यातली.

"अजून काय म्हणाले?" मी विचारलं.

"अजून काय नाय. वारा घेत बसले."

फाट्यावर गाडी वळली, तेवढं आठवतं. त्यानंतरचं नाही.

जाग आली तेव्हा गाडी गावाबाहेर आंब्याखाली उभी होती, चारी दारं उघडी. बाहेर दगडावर बसून सदूभाऊ कुणाला तरी हळू आवाजात फोनवर सांगत होते, "नाय जमनार आता, दुसऱ्याला बोलवा. सवारी झोपलीय." मी साडी सारखी केली.

"उठवायचं नाही का?"

"पावनेदोन तास झोपलात बाई. घोरत व्हता."

"मी घोरत नाही."

"बरं. नाय घोरत."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. तसं लिहिलं तर हेही त्या बंगल्यातल्या बाईंच्या ध्यानासारखं होईल. पुढच्या आठवड्यात दोन रात्री पुन्हा तशाच गेल्या. पण आता त्या सकाळीत टेबलाखेरीज दुसरंही काही होतं. वाक्य आलं की मी त्याला अडवत नाही, उत्तरही देत नाही. गाडीत जाऊन बसते. काच खाली असते. बऱ्याचदा फाट्याच्या आधीच डोळा लागतो. कधी नाहीच लागत, मग उठून भाजी निवडते. वही मी चुलीत घातली. तेवढी एकच वही मी आयुष्यात अर्धवट सोडली.

वत्सलाला मी माफ केलेलं नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल आजी शेवटी गोड झाली. पुढच्या दिवाळीत मी तिला तोंडावर विचारलं. मला वाटलं, नाकारेल. ती म्हणाली, "मग? खोटं बोलले का मी वहिनी? लावत होतातच ना कागद?" मी म्हटलं, "हो, लावत होते. आणि तो दुसऱ्या दिवशी गेला. दोन्ही खरं आहे. पुन्हा बोललीस तर दोन्ही बोलायचं." ती फणकारली. मग दोघींनी फराळ केला. त्या रात्री मी व्यवस्थित झोपले. मन मोकळं करा, क्षमा करा, म्हणजे झोप लागते, असं कुणी तुला सांगितलं, रेवा, तर त्यांना माझ्याकडे पाठव.

आणि रविवारचं माझं वाक्य मी मागे घेते. विचार करू नकोस हे मी तुला सांगणार नाही. मी तुला एवढंच विचारते: त्या मीटिंगमध्ये तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? खोलीला खिडकी होती का? त्या बाई बोलून झाल्यावर कोण काय बोललं? तुला यातलं काहीच सांगता आलं नाही, तर घाबरू नकोस, पण तिथे हजर असलेल्या कुणाला तरी जाऊन विचार. मी तीन महिने उशीर केला. तू तीन आठवड्यांवर आहेस.

इथलं म्हणशील तर, बरंच गेलं. आमच्या बाजूला पाच घरं राब भाजायची, आता दोन उरलीत. बाकीच्या तुकड्यांवर पोहण्याचे हौद आणि हिरवळ आहे, आणि हिरवळीवर दिवे. तांबट आहे. पेंढा रचायची जागा शेवंताने बदलली, लांब विहिरीकडे नेली. नऊ वर्षं तिने राबाच्या राखणीला मला बसू दिलं नाही; चहाला बोलावलं, लग्नांना बोलावलं, डोहाळजेवणाला ओटी माझ्याकडून भरून घेतली, पण राब पेटला की म्हणायची, "बाई, ऊन लागंल तुमाला, घरी जावा." मी जायची.

काल दुपारी तिचा दुसरा तुकडा पेटला होता. ती कुंपणाशी आली. अंगणवाडीत तपासणीला बाई येणार होत्या, तिला जायला हवं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, राबाकडे बघितलं.

"तासभर बसता का, बाई?"

मी चप्पल घातली.

"आन् डोळे हितं ठेवा," ती जाता जाता म्हणाली. "डोंगरात नको."

मी त्याच दगडावर बसले. करवंदाची जाळी अजून आहे, हिरवी फळं धरलीत. वारा दोनदा फिरला. पहिल्यांदा दोन पाट्या माती लागली, दुसऱ्यांदा एक. सात शब्द एकदा येऊन गेले. ती परत आली तेव्हा धूर जमिनीला धरून शेवटच्या हातभर जागेत सरकत होता. तिने वाकून राखेखालच्या मातीला हात लावून बघितला आणि माझ्या पायाशी ठेवलेली पाटी उचलून घेतली.

राब नीट भाजून निघाला. मी जागी होते.